येनाचा भिंगांचा कारखाना



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी आयुष्यभर या परिसरातील मुलांना विज्ञान शिकविले. त्यांच्या नावाने बोलावयाचे तर विषय विज्ञानाचा हवा, हे मी मनाशी ठरविले होते. परंतु विज्ञानाचे शोध आपण पाठ्यपुस्तकात वाचतोच. शोध लावणाऱ्याच्या हातात जे उपकरण असते ते कोणी घडविले, त्या घडविणाऱ्याचे पोट कसे चालले, त्याच्या कारखान्यातील कामगार किती वाजता घरी जात, हे मात्र आपण सहसा विचारीत नाही. म्हणून आज मी जर्मनीतील येना या गावच्या कार्ल झाइस या कारखान्याची हकीकत सांगणार आहे.

कारापूरच्या सभागृहात येनाची कथा कशाला, असा प्रश्न कोणाच्या मनात आला असेल तर तो रास्त आहे. त्याचे एक उत्तर सोपे आहे. आपल्याकडील जुन्या महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांतून जे चांगले सूक्ष्मदर्शक असत, त्यांपैकी कित्येकांच्या अंगावर हे नाव कोरलेले असे. आपण त्याचा उच्चार ‘जेना’ असा करीत होतो. जर्मन माणूस ‘येना’ म्हणतो, आणि ‘झाइस’लाही तो ‘त्साइस’ म्हणेल. पण आपल्या जिभेला वळलेले नाव मी बदलीत नाही. दुसरे उत्तर जरा आडवळणाचे आहे आणि ते व्याख्यानाच्या उत्तरार्धात येईल. तूर्त एवढेच ध्यानात ठेवा की आपला डिचोली तालुका विसाव्या शतकाच्या मध्यापासून जमिनीखालच्या लोहखनिजावर जगला, आणि ज्या गावाविषयी मी बोलणार आहे त्या गावाची भरभराट कोणत्याही खाणीवर उभी राहिलेली नाही.

येना हे थुरिंगिया प्रांतातील, झाले नदीच्या काठचे छोटे गाव. सोळाव्या शतकात तेथे विद्यापीठ स्थापन झाले. शिलर आणि हेगेल यांनी तेथे अध्यापन केले आहे. विद्यापीठ मोठे, गाव लहान, आणि उद्योग म्हणावा असा काही नाही, अशी एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला स्थिती होती. अशा गावात १७ नोव्हेंबर १८४६ रोजी कार्ल झाइस नावाच्या तीस वर्षांच्या कारागिराने आपली कर्मशाळा उघडली. त्याचा जन्म १८१६ चा, वायमारचा. येनामध्येच फ्रीडरिख क्योर्नर या यंत्रकाराकडे त्याने उमेदवारी केली होती आणि उमेदवारी करता करता विद्यापीठातील व्याख्यानेही ऐकली होती. हा योग महत्त्वाचा आहे. हातात कानस आणि कानावर गणित, अशी माणसे तेव्हाही थोडी होती, आजही थोडीच आहेत.

दुकानात सुरुवातीला तराजू, तापमापक, चष्मे यांची विक्री आणि विद्यापीठाच्या उपकरणांची दुरुस्ती चाले. त्याच विद्यापीठात श्लायडेन नावाचे वनस्पतिशास्त्रज्ञ होते. सर्व वनस्पती पेशींच्या बनलेल्या आहेत हा सिद्धान्त त्यांनी १८३८ मध्ये मांडला होता. पेशी पाहावयाच्या तर सूक्ष्मदर्शक हवा. श्लायडेन यांनी झाइसला या कामास प्रवृत्त केले, आणि १८४७ पासून तो साधे सूक्ष्मदर्शक बनवू लागला. दोन भिंगसंचांचा संयुक्त सूक्ष्मदर्शक त्याने १८५७ मध्ये केला. माल उत्तम असे. जो नग मनासारखा उतरला नाही तो झाइस ऐरणीवर ठेवून हातोड्याने फोडून टाकी, अशी आख्यायिका आहे. ती तंतोतंत खरी असो वा नसो, त्याच्या मालाविषयी लोकांचे मत काय होते हे तिच्यावरून कळते. १८६६ मध्ये हजारावा सूक्ष्मदर्शक तयार झाला.

येथे एका धंदेवाल्याची कथा संपू शकली असती. हजार नग विकले गेले, सुवर्णपदक मिळाले, मुलगा हाताशी आला. आणखी काय हवे? पण झाइसला एक गोष्ट खुपत होती. त्या काळी युरोपातील सर्वच कारागीर वस्तुभिंगे अंदाजाने बनवीत. निरनिराळ्या वक्रतेची भिंगे घासावयाची, एकापुढे एक ठेवून पाहावयाची, प्रतिमा स्पष्ट दिसेपर्यंत अदलाबदल करावयाची. त्याला जर्मन भाषेत असलेला शब्द मी येथे वापरीत नाही. आपल्या सुताराच्या भाषेत ‘लावून बघणे’ म्हणतात तेच ते. कुशल हात असला तर उत्तम भिंग जमून येई. परंतु तेच भिंग पुन्हा तसेच जमेल याची खात्री नसे आणि ते चांगले का झाले हे कोणालाच सांगता येत नसे. झाइसचे म्हणणे असे की पूल जसा आधी कागदावर गणिताने उभा राहतो, तसे भिंगही गणिताने आधी ठरले पाहिजे. कारागिराने फक्त ते आकडे काचेत उतरवावेत.

१८६६ साली पन्नाशीच्या झाइसने विद्यापीठातील सव्वीस वर्षांच्या एका अध्यापकाला या कामासाठी गाठले. त्याचे नाव एर्न्स्ट आबे. आता या कथेचा नायक बदलतो.

आबेने गणित केले आणि कारागिरांनी त्याबरहुकूम भिंगे घडविली. ती आधीच्या, अंदाजाने केलेल्या भिंगांपेक्षा वाईट निघाली! हा प्रसंग मला या साऱ्या इतिहासात सर्वांत मोलाचा वाटतो. गणित बरोबर होते. भिंगांत प्रकाशकिरण जेथे जावयास हवे तेथे जात होते. प्रतिमेत रंगांचे दोषही कमी होते. तरीही बारीक तपशील दिसेना. एखाद्या उतावळ्या मालकाने पुस्तकी पंडिताला रामराम ठोकला असता. झाइस थांबला. ही त्याची थोरवी. आबेने आपले गणित पुन्हा पडताळण्याऐवजी मुळाशी जाऊन विचारले की सूक्ष्मदर्शकात प्रतिमा बनते म्हणजे नेमके काय होते?

उत्तर थोडक्यात असे. विद्यार्थ्यांनी पाण्याच्या लाटांचे उदाहरण डोळ्यांपुढे आणावे. वाळवंटीच्या पात्रात एका ओळीत खुंट्या रोवल्या आहेत आणि त्यांच्यामधून लाटा पलीकडे जात आहेत अशी कल्पना करा. खुंट्या दूर दूर असतील तर लाटा जवळजवळ सरळ पुढे जातात. खुंट्या जितक्या जवळ, तितक्या लाटा पलीकडे अधिक रुंद कोनात फाकतात. प्रकाश हीही लाटच आहे. पदार्थातील तपशील जितका बारीक, तितका त्यातून येणारा प्रकाश अधिक फाकतो. हा फाकलेला प्रकाश भिंगात शिरलाच नाही, तर त्या तपशिलाची वार्ता आपल्यापर्यंत पोचणारच नाही. मग भिंग कितीही निर्दोष असो. आबेने आपल्या गणितात दोष टाळण्यासाठी भिंगाचे तोंड अरुंद ठेवले होते. जुन्या कारागिरांची भिंगे रुंद तोंडाची होती. ती का चांगली होती हे त्यांना ठाऊक नव्हते, एवढेच.

यातून १८७३ मध्ये आबेने एक मर्यादा सांगितली. प्रकाशाच्या तरंगलांबीच्या साधारण निम्म्याहून जवळ असलेले दोन बिंदू सामान्य सूक्ष्मदर्शकाने वेगळे दाखविता येत नाहीत. मिलिमीटरचे पाच हजार भाग केले तर त्यांतील एक भाग, एवढ्यावर दृष्टी थांबते. ते सूत्र येनामध्ये त्याच्या स्मारकाच्या दगडावर कोरलेले आहे. १८७२ पासून झाइसचे सर्व सूक्ष्मदर्शक गणिताने बनू लागले. आपण काय करू शकणार नाही हे ज्या कारखान्याला नेमके कळले, तोच कारखाना करता येण्यासारखे सर्व करू शकला, हे पाहण्यासारखे आहे. आबेने घालून दिलेली मर्यादा पुढे सव्वाशे वर्षांनी वेगळ्या युक्त्यांनी ओलांडली गेली आणि त्याबद्दल २०१४ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक दिले गेले. त्यातील एक मानकरी श्टेफान हेल हे जर्मनीतलेच.

गणित झाले, पण काच आड आली. बाजारात मिळणारी प्रकाशीय काच मोजक्या प्रकारांची होती आणि आबेच्या गणिताला हवे ते गुणधर्म तिच्यात नव्हते. १८७९ मध्ये ओट्टो शॉट नावाच्या एका तरुण रसायनशास्त्रज्ञाने, स्वतः वितळविलेल्या लिथियमयुक्त काचेचा नमुना आबेकडे तपासण्यासाठी पाठविला. तो नमुना उपयोगी ठरला नाही. पण पत्रव्यवहार सुरू झाला, शॉट येनाला येऊन राहिला आणि १८८४ मध्ये झाइस, त्याचा मुलगा रोडेरिख, आबे व शॉट यांनी मिळून काचेची प्रयोगशाळा काढली. प्रशियाच्या सरकारने तिला अनुदान दिले. बोरॉन, फॉस्फरस, बेरियम अशी मूलद्रव्ये काचेत मिसळून शॉटने इतके नवे प्रकार केले की १८८६ च्या पहिल्याच सूचिपत्रात ४४ काचा होत्या. त्याच वर्षी रंगदोष जवळजवळ नाहीसा केलेली वस्तुभिंगे बाजारात आली. मी रसायनशास्त्राचा माणूस असल्याने मला शॉटविषयी विशेष ममत्व आहे. तापविल्यावर न तडकणारी बोरोसिलिकेट काच ही त्याचीच देणगी. आज शाळेच्या प्रयोगशाळेतील चंचुपात्र आपण निर्धास्तपणे बर्नरवर ठेवतो, ते या माणसाच्या भरवशावर.

या सूक्ष्मदर्शकांचा आपल्या भूमीशी संबंध फार लवकर आला. रॉबर्ट कॉख याने १८८२ मध्ये क्षयाचा जंतू दाखविला, तो झाइसचे तेलात बुडवून वापरावयाचे वस्तुभिंग आणि आबेने योजलेला प्रकाशसंग्राहक वापरून. आपल्या यशाचे श्रेय त्याने या उपकरणांनाही दिले आहे. पटकीच्या जंतूचा शोध घेत तो १८८३ च्या अखेरीस कलकत्त्याला आला. पुढे १८९६ मध्ये मुंबईत प्लेगने थैमान घातले, तेव्हा जर्मन सरकारने वैद्यकीय मंडळ पाठविले, आणि १८९७ मध्ये कॉख स्वतः मुंबईत येऊन त्यात सामील झाला. त्या वेळी मुंबईतील लोक घरे सोडून कोकणाकडे, गोव्याकडे पळत होते. इकडे ग्रँट मेडिकल कॉलेजात हाफकीन लस करीत होता. एका लहानशा गावच्या गणिताचा आणि काचेचा उपयोग अशा तऱ्हेने हजारो मैलांवरच्या चाळींतील रोग ओळखण्याकडे झाला. उपकरण बनविणाऱ्याला ही कल्पनाही नसते. निदान बनविताना तरी नसते.

आता मी ज्या भागाकडे येत आहे, त्यासाठीच खरे म्हणजे हा विषय घेतला.

३ डिसेंबर १८८८ रोजी कार्ल झाइस वारला. तेव्हा कारखान्यात तीनशेवर माणसे होती. आबे भागीदार होता. लवकरच संपूर्ण मालकी त्याच्या हाती येणार हे उघड होते. तो श्रीमंत झाला होता आणि अधिक श्रीमंत होणार होता. त्याने काय केले? १८८९ मध्ये त्याने एक प्रतिष्ठान स्थापन केले आणि १८९१ मध्ये स्वतःचा व रोडेरिखचा हिस्सा मिळून सारा कारखाना त्या प्रतिष्ठानाच्या नावे केला. प्रतिष्ठानाला नाव दिले कार्ल झाइसचे, स्वतःचे नव्हे. आणि १८९६ मध्ये त्याची लेखी घटना तयार केली.

या घटनेतील काही कलमे मी सांगतो. माणसाचा धर्म, वंश किंवा राजकीय पक्ष पाहून त्याला नेमू नये वा डावलू नये. कामगाराला पगारी रजा, निवृत्तिवेतन आणि नफ्यात वाटा मिळावा. काम नाही म्हणून एखाद्याला कमी करावयाचे झाल्यास त्याला रिकाम्या हाताने पाठवू नये. नुकसानभरपाई द्यावी, आणि ती मालकाची कृपा म्हणून नव्हे, कामगाराचा हक्क म्हणून. सर्वांत वरच्या अधिकाऱ्याचे वेतन हे कामगारांच्या सरासरी वार्षिक कमाईच्या दहापटीहून अधिक असू नये. उरलेल्या उत्पन्नातून विद्यापीठाला आणि गावाच्या सार्वजनिक कामांना मदत व्हावी. येनामध्ये १९०३ मध्ये लोकांसाठी जे सभागृह व वाचनालय उभे राहिले, ते या पैशातून.

आबेला हे कोठून सुचले? पुस्तकांतून नव्हे. त्याचे वडील आयझेनाख येथील सूतगिरणीत काम करीत. पाच ते नऊ वर्षांचा असताना छोटा एर्न्स्ट किंवा त्याची बहीण आळीपाळीने वडिलांसाठी दुपारचे जेवण घेऊन जात. गिरणीत मधली सुट्टी नव्हती. वडील यंत्राला टेकून किंवा खोक्यावर बसून घाईघाईने चार घास खात, भांडे परत देत आणि कामाला लागत. एरवी चौदा तास, तेजी असली तर सोळा. १८४८ च्या क्रांतीनंतर ते बारा झाले. धिप्पाड असलेले आपले वडील अठ्ठेचाळिसाव्या वर्षी म्हातारे झाले होते, हे आबेने १९०१ मध्ये एका व्याख्यानात सांगितले. तोवर तो स्वतः साठीला पोचला होता आणि शेकडो कामगारांचा कर्ताधर्ता होता.

त्या व्याख्यानाचा विषय होता कामाचे तास. १ एप्रिल १९०० पासून झाइसमध्ये आठ तासांचा दिवस सुरू झाला होता. आधी नऊ तास होते. आबे दयाळू होता. पण तो पदार्थविज्ञानाचाही माणूस होता, आणि दया ही मोजता आली पाहिजे असा त्याचा बाणा दिसतो. त्याने नगावर मजुरी घेणारे २३३ कामगार निवडले, आधीच्या व नंतरच्या वर्षातील त्यांचे काम ताडून पाहिले. नऊ तासांचे काम आठ तासांत उरकावयाचे तर दर ताशी साडेबारा टक्के वाढ लागते. प्रत्यक्षात वाढ निघाली सुमारे सोळा टक्के. म्हणजे दिवस लहान झाला आणि दिवसाचे काम किंचित वाढले. कामगारांनी जाणूनबुजून घाई केली काय, तर तसेही नव्हते. विश्रांती मिळालेला हात आपोआप नीट चालला. ज्या बुद्धीने त्याने प्रतिमेचे कोडे सोडविले, तीच बुद्धी त्याने येथे लावली. मला हा आबे भिंगांच्या आबेपेक्षाही थोर वाटतो. १४ जानेवारी १९०५ रोजी तो निवर्तला.

यानंतरचा इतिहास लांबलचक आहे. तो मी भराभर सांगतो. १९२३ मध्ये झाइसच्या वाल्टर बाउअर्सफेल्ड याने घुमटावर तारे दाखविणारे यंत्र साकार केले. मुंबईच्या वरळी येथील नेहरू तारांगणात १९७७ पासून याच घराण्याचे यंत्र होते. २००३ मध्ये त्याची जागा संगणकीय यंत्रणेने घेतली. आपल्यापैकी अनेकांनी शालेय सहलीत त्या काळोखात मान वर करून पाहिले असेल. याच कारखान्याच्या अहंकाराचीही एक गोष्ट आहे. फ्रिट्स झेर्निके हा डच शास्त्रज्ञ १९३२ मध्ये आपली नवी युक्ती घेऊन येनाला आला. न रंगविलेल्या जिवंत पेशीही तिने स्पष्ट दिसत. यात काही अर्थ असता तर आम्हीच ती कधीची शोधली असती, अशा अर्थाचे उत्तर त्याला मिळाले. १९५३ मध्ये त्याला त्याच युक्तीबद्दल नोबेल पारितोषिक मिळाले. ज्या घराने एका अपयशी गणितज्ञाला सहा वर्षे सांभाळले, त्याच घराने ही वागणूक दिली.

आणि त्याहून काळा अध्याय म्हणजे नाझी राजवट. दुसऱ्या महायुद्धात झाइसने लष्करासाठी उपकरणे बनविली आणि हजारो परदेशी माणसांना वेठीला धरून राबविले. आबेच्या घटनेतील वंश आणि धर्माचे कलम त्यांच्या उपयोगी पडले नाही. हे मी मुद्दाम सांगतो, कारण चांगली घटना लिहिली की काम झाले, असे वाटण्याचा मोह आपल्यालाही होतो.

१९४५ च्या एप्रिलमध्ये अमेरिकी सैन्य येनाला पोचले. गाव रशियाच्या वाट्याला जाणार हे ठरलेले होते; म्हणून परत जाताना अमेरिकनांनी कारखान्यातील ८४ शास्त्रज्ञ व व्यवस्थापक पश्चिमेकडे नेले. मागून आलेल्या रशियनांनी बहुतेक सर्व यंत्रसामग्री उखडून नेली आणि १९४६ मध्ये उरलेल्या तज्ज्ञांपैकीही पुष्कळांना सोव्हिएत संघात हलविले. डोकी एकीकडे, यंत्रे दुसरीकडे. राहिला तो रिकामा कारखाना आणि कामगार. आश्चर्य असे की दोन्ही बाजूंना झाइस पुन्हा उभा राहिला. पश्चिमेत ओबरकोखेन नावाच्या खेड्यात आणि पूर्वेत येनामध्येच. दोघांनीही तेच नाव लावले, त्यावरून देशोदेशींच्या न्यायालयांत भांडणे झाली. आपल्याकडे पूर्व जर्मनीशी रुपयांत व्यापार चाले, त्यामुळे येनाचा माल भारतीय महाविद्यालयांना परवडे. जर्मनी एक झाल्यावर १९९१ मध्ये दोन्ही घरे एकत्र आली, पण येनामध्ये हजारो माणसांच्या नोकऱ्या गेल्या. आजचा झाइस फार मोठा आहे. २०२२-२३ या वर्षी त्याची उलाढाल सुमारे दहा अब्ज युरोंची होती, आणि जगातील अत्यंत सूक्ष्म संगणकीय चकत्या ज्या डच यंत्रांवर छापल्या जातात, त्यांतील आरसे व प्रकाशयोजना त्याच्याकडून येते. मालकी मात्र अजून त्या प्रतिष्ठानाचीच आहे.

आपल्या मुलखात असे का घडले नाही? प्रयत्न झाले नाहीत असे नव्हे. अंताजी दामोदर काळे यांनी दारोदार एकेक पैसा जमवून पैसा फंड उभा केला आणि त्यातून १९०८ मध्ये तळेगाव दाभाडे येथे काच कारखाना निघाला. टिळकांचा त्याला पाठिंबा होता. १९१६ मध्ये ओगले बंधूंचा कारखाना कऱ्हाडजवळ उभा राहिला; त्यांचा प्रभाकर कंदील महाराष्ट्रातच नव्हे, आपल्याकडेही घरोघर होता. पहिल्या महायुद्धात जर्मनीचा माल बंद झाला आणि प्रयोगशाळांना साध्या काचनळ्याही मिळेनात, तेव्हा अशा कारखान्यांची किंमत लोकांना कळली. पण कंदिलाच्या काचेपासून भिंगाच्या काचेपर्यंतचे अंतर हे भट्टीचे नसून विद्यापीठाचे आहे. तळेगावच्या शेजारी आबे नव्हता, आणि पुण्याच्या महाविद्यालयातील गणिताच्या अध्यापकाला कोणी कारखानदार दार ठोठावून विचारीत नव्हता. परकीय सत्तेखाली दोघांनाही तशी सवड नव्हती हे खरेच; तरीही केवळ सत्तेवर सारा भार टाकून मोकळे होणे मला पटत नाही.

गोव्याचे उदाहरण निराळे. आपल्याला काही बनवावेच लागले नाही. डोंगर खोदला, खनिज बार्जमध्ये भरले, मांडवीतून मुरगावला गेले आणि तेथून जपानला, पुढे चीनला. या व्यवहारातही एक प्रयोगशाळा असते, हे या सभागृहातील पुष्कळांना ठाऊक आहे, कारण त्यांनी तेथे कामे केली आहेत. खनिज दळावयाचे, आम्लात विरघळवावयाचे, पोटॅशियम डायक्रोमेटने लोहाचे प्रमाण काढावयाचे. त्या एका आकड्यावर साऱ्या जहाजाचा भाव ठरतो. २०१६ मध्ये केंद्र सरकारने ५८ टक्क्यांहून कमी लोहाच्या खनिजावरील निर्यातशुल्क रद्द केले, तेव्हापासून तर ५८ हा आकडा आपल्याकडे पंचांगातील तिथीसारखा झाला. तो आकडा ठरविणारा तराजू मात्र बहुधा बाहेरून आलेला. साठ वर्षे आपण वजन केले. तराजू घडविण्याचा विचार आपल्याला शिवला नाही.

मग २०१२ मध्ये खाणी थांबल्या. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अटी घालून परवानगी दिली, फेब्रुवारी २०१८ मध्ये पट्ट्यांचे नूतनीकरण रद्द ठरविले आणि मार्चमध्ये पुन्हा सारे ठप्प झाले. २०२२ च्या अखेरीस लिलाव सुरू झाले, त्यात डिचोलीचा गट पहिला होता. मधल्या दहा वर्षांत या तालुक्यातील घरांनी काय सोसले ते मी सांगावयास नको. ट्रकाचे हप्ते थकले, गॅरेजे बंद पडली, उपाहारगृहांना कुलपे लागली. काम सुटलेल्या माणसाचा हक्क कोणता, हा प्रश्न तेव्हा आपल्या दारात उभा होता. आबेने तो १८९६ मध्ये, तेजी चालू असताना, कारखाना भरभराटीत असताना सोडवून ठेवला होता. मंदीत असे कलम कोणी लिहीत नाही.

२०१४ च्या त्याच निवाड्यात एक आदेश असा आहे की खनिजविक्रीच्या रकमेतील दहा टक्के एका कायम निधीत जमा व्हावे, पुढील पिढ्यांसाठी. आबेच्या प्रतिष्ठानाशी याचे नाते जवळचे आहे. जमिनीतून एकदाच निघणारी वस्तू विकून आलेला पैसा हा उत्पन्न नसून भांडवल आहे, एवढे तरी न्यायालयाने मान्य केले. त्या निधीचे व्याज कशावर खर्च होते, इकडे आपण लक्ष ठेवावयास हवे. आपल्याच तालुक्यात शासकीय महाविद्यालय आहे, शाळा आहेत, पणजीजवळ विद्यापीठ आणि समुद्रविज्ञान संस्था आहे. उपकरणे दुरुस्त करणारी, त्यांचे मापन पडताळून देणारी एखादी कर्मशाळा साखळी-कारापूरच्या परिसरात उभी राहणे अशक्य नाही. झाइसची सुरुवात दुरुस्तीनेच झाली होती. खाणीतील यंत्रे वर्षानुवर्षे चालती ठेवणारे फिटर, वेल्डर आणि प्रयोगशाळा साहाय्यक येथे आहेत. त्यांच्यापैकी काही या रांगांत बसले आहेत. त्यांच्या हाताला गणिताची जोड देणारा अध्यापक मिळावा आणि त्या अध्यापकाला धीर धरणारा चालक मिळावा.

माजी विद्यार्थी संघाने शाळेच्या प्रयोगशाळेसाठी निधी जमविण्याचे ठरविले आहे, असे मला येथे आल्यावर कळले. माझी एक सूचना आहे. नवी उपकरणे अवश्य घ्या. पण त्यांतील काही रक्कम जुन्या सूक्ष्मदर्शकांची भिंगे साफ करून, त्यांचे स्क्रू सैल करून, पुन्हा जुळवून पाहण्यासाठी राखून ठेवा. आणि ते काम बाहेरून माणूस बोलावून करवून घेण्यापूर्वी नववी-दहावीच्या मुलांच्या हाती एक यंत्र द्या. एखादे मोडेल. ते मोडू द्यावे.